टॉवेलवर विणायची नावं: हा साप आणि हा माठ, दोन्ही एकच नाव कसं?

जेकार्डवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे, हसू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, डिझाईन मी स्वतःच बघतो, म्हणजे पार्टीनं पाठवलेल्या चित्राचा कॉम्प्युटरवर ग्राफ करायचा आणि जेकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला द्यायचा. आता एका एजंटमार्फत मेक्सिकोतल्या हॉटेलची चौकशी आलीय, नॅपकिन, हातटॉवेल, पायपुसणी असा सेट, आणि प्रत्येकावर एकेक जुनं नाव पाहिजे. नाव म्हणजे अक्षरात नाही ओ, चित्रात! नावात्ल भाषेतली नावं आहेत म्हणे, आपण ज्यांना अॅझ्टेक म्हणतो त्यांची.

त्यांनी सहा चित्रं आणि पाच नावांची यादी पाठवली, पण कुठलं चित्र कुणाचं ते लिहिलंच नाही. फक्त एवढंच की पहिलं आणि दुसरं एकच नाव आहे. एजंटला विचारलं तर म्हणतो तुम्हीच बघून घ्या की. यादी अशी: इत्स्कोआत्ल, चिमाल्पोपोका, आशायाकात्ल, नेसावाल्कोयोत्ल, मोतेक्सोमा. वाचतानाच जीभ गाठ मारून बसते.

चित्रं सांगतो. पहिल्यात साप, पाठीवर करवतीसारखे टोकदार तुकडे. दुसऱ्यात एक बाण किंवा पातं, एक माठ आणि पाणी, सापाचा पत्ताच नाही. तिसऱ्यात गोल ढाल आणि तिच्यातून निघालेल्या वेटोळ्या. चौथ्यात माणसाचं तोंड आणि त्यावर पाणी. पाचव्यात कोल्ह्या-कुत्र्यासारखं डोकं, गळ्यात पिळाची पट्टी. सहाव्यात नुसता टोकदार मुकुट आणि खाली केस.

आता माझी अडचण. दुसऱ्या चित्रातलं पाणी मी ग्राफ करताना उडवलंय, कारण बारीक रेघा आणि थेंब पाइलमध्ये, म्हणजे टॉवेलच्या उभ्या धाग्यांत, नीट उठत नाहीत, आणि मला ते आपलं जागा भरायला काढलेलं वाटलं. माठ मोठा केला, दिसायला झकास आलंय. पण रात्री झोपताना डोक्यात आलं, साप असलेलं आणि साप नसलेलं चित्र एकच नाव असेल तर नेमकं नाव कशात आहे बे? काय काढलं तर चालतं आणि काय काढलं तर वाट लागते? कुणाला माहिती असेल तर सांगा, शुक्रवारी सॅम्पल लावायचंय.

सातरस्ता_सम्या

भावा टेन्शन कशाला घेतोस, टॉवेलनं तोंड पुसणार का वाचत बसणार 😄 हे सगळं प्रतीकात्मक असतंय, साप म्हणजे शूर, माठ म्हणजे घरात भरभराट, पाणी म्हणजे शांत स्वभाव. चित्र भारी दिसलं की झालं. सिंधू संस्कृतीच्या शिक्क्यांसारखंच आहे हे, कुणालाच वाचता येत नाही.

चाळीस_वर्षं_खडू

सम्या, अंदाजपंचे दाहोदरसे. सिंधूची लिपी वाचता येत नाही हे खरं, पण ही नावं वाचता येतात, आणि कशी येतात ते सोपं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, चौथीच्या पोरांना पावसाळ्यात बाहेर सोडता यायचं नाही तेव्हा फळ्यावर एक खेळ घ्यायचो. एक नाग काढायचा, शेजारी पुराचं पाणी काढायचं आणि विचारायचं, गाव ओळखा. पोरं ओरडायची, नागपूर! मग १६ आकडा आणि पुराचं पाणी. सोलापूर! (सोळा गावांचं सोलापूर ही गोष्ट खरी की खोटी हा वाद इथं नको, मागच्या वेळी दोनशे कमेंट झाल्या होत्या.) अक्कलकोटला अक्कलदाढ आणि अंगातला कोट काढायचो.

आता सांगा, नागपूरच्या चित्रातल्या पाण्याचा नागपुराशी काय संबंध? तिथं महापूर आला म्हणून नाव पडलं का? नाही. पुराचा फक्त आवाज उसना घेतला. जेकार्डवाले, तुमच्या दुसऱ्या चित्रात अगदी हेच चाललंय.

इत्स्कोआत्ल म्हणजे इत्स्त्ली अधिक कोआत्ल. इत्स्त्ली म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, तिची पाती करायचे, वस्तऱ्यापेक्षा धार. कोआत्ल म्हणजे साप. पहिल्या चित्रात सरळ अर्थ काढलाय, साप आणि त्याच्या अंगावर काचेची पाती. दुसऱ्या चित्रात लिहिणाऱ्यानं नाव कानानं ऐकलं आणि फोडलं: इत्स, को, आ. इत्ससाठी काचेचं पातं. कोसाठी माठ, कारण मडक्याला त्यांच्यात कोमित्ल म्हणतात. आसाठी पाणी, कारण पाणी म्हणजे आत्ल. वाचा ओळीनं, इत्स-को-आ. सापाची गरजच पडली नाही.

मग शेवटचा त्ल कुठं गेला? तो लिहीतच नाहीत. नावात्लमध्ये सुट्या नामाला त्ल, त्ली अशी शेपटी असते आणि शब्द दुसऱ्याला जोडला की ती गळते. आपण 'पाणीघोडा' म्हणतो का? पाणघोडा, पाणकोंबडी, पाणवठा. ई गेली की नाही? तसंच आत्लचा आ होतो. हे एकदा कळलं की तुमचं चौथं चित्र आपोआप सुटेल, आ म्हणजे पाणी, शायाकात्ल म्हणजे चेहरा, आशायाकात्ल. आमच्या गावात असता तर पाणतोंड्या म्हणून हाक मारली असती.

राहिलेली पटापट. ढाल म्हणजे चिमाल्ली, पोपोका म्हणजे धूर निघणं, तेव्हा तिसरं चिमाल्पोपोका. पाचवं कोल्हा नाही, कोयोट आहे, त्याच जातकुळीतला, आणि गळ्यातली ती पट्टी उपासाची खूण. नेसावाल्कोयोत्ल म्हणजे उपाशी कोयोट, म्हणजे उपास धरलेला. हा तेश्कोकोचा राजा, १४७२ साली गेला, मेक्सिकोच्या जुन्या शंभरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. मुकुट राहिला मोतेक्सोमाला.

जेकार्डवाला_सोलापूर

सर 🙏🙏 म्हणजे मी पाणी उडवलं म्हणजे शेवटचा आ उडवला! नाव झालं इत्स्को. अर्ध्या नावाचा टॉवेल. बरं झालं विचारलं. मला वाटलं मेन चित्र माठ आहे आणि बाकीचं बॉर्डरचं काम.

एक शंका, तिसऱ्या चित्रातल्या वेटोळ्या धुराच्या आहेत म्हणालात. त्यांच्याच एका नमुन्यात माणसाच्या तोंडासमोर पण तशीच वेटोळी आहे, तो काय विडी ओढायलाय का? आणि मुकुटाचं समजलं नाही, एवढ्या लांब नावाला नुसता मुकुट कसा काय पुरला?

पच्छापेठची_पद्मा

मास्तरांचं नागपूर वाचून मी उठून आजीकडे गेले. आम्ही तेलुगू, आजीला मराठी समजतं पण डोकं तेलुगूत चालतं. कागदावर साप आणि पूर काढून दाखवलं, म्हटलं आजी हे काय. ती म्हणाली, पामु, वरद. पामु म्हणजे साप आणि वरद म्हणजे पूर. मी म्हटलं गावाचं नाव आहे, तर म्हणते असलं कुठलं गाव गं. मग वरच्या माळ्यावरच्या कन्नड भाडेकरू काकूंना दाखवलं, त्या हावू म्हणाल्या आणि पुढं अडल्या.

चित्र तेच, तिघींच्या डोळ्यांपुढं साप तोच, पण नागपूर फक्त मराठीत होतं. म्हणजे चित्र बघून अर्थ कळतो हे जे सगळे म्हणतात ना ते इथं चालत नाही, माठ आणि पाण्याचा इत्स्कोआत्ल फक्त नावात्ल येणाऱ्यालाच दिसणार. सम्यादादा, तुमची भरभराट माठातच राहिली 😂

सातरस्ता_सम्या

बरं बाई हरलो. पण साप म्हणजे शूर हे मी सोडणार नाही.

बाडांचा_वेडा

मी मूळचा विजापूर रोडचा, सध्या पुण्यात भाषाशास्त्र शिकायलोय, आणि इथं सोलापूरच्या ग्रुपवर हा विषय निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मास्तर, जिंकलात. थोडं माझं जोडतो, लांब होईल.

आधी वेटोळीचं. तोंडासमोरची वेटोळी म्हणजे बोलणं. राजाला त्यांच्यात त्लातोआनी म्हणायचे, शब्दशः बोलणारा, म्हणून राजांच्या चित्रात ती हमखास दिसते. तिथं ती नावाचा भाग नाही, पदाची खूण आहे. पण तीच वेटोळी झाडाला लावली तर? क्वाउनावाक नावाचं गाव आहे, आजचं कुएर्नावाका. क्वाउ म्हणजे झाड आणि नावाक म्हणजे जवळ, झाडीजवळचं गाव. आता 'जवळ' कसं काढणार? तर नावा हा आवाज स्पष्ट बोलण्याच्या शब्दातही आहे, भाषेचं नावच नावात्ल, म्हणून झाडाच्या तोंडी बोलण्याची वेटोळी दिली. बोलणारं झाड बघून लोक त्यावर काव्य करतात, प्रत्यक्षात तो गावाच्या नावाचा प्रत्यय आहे. असंच त्लान या गावांच्या प्रत्ययाला दात काढतात, कारण दात म्हणजे त्लान्त्ली. टेकडीच्या पायथ्याला दोन दात दिसले तर ती टेकडी चावत नाही. त्सिंको असेल तर माणसाचा कमरेखालचा भाग, सभ्य शब्दात सांगतो, बसायची जागा.

मुकुटाचं उत्तर असं की त्यांना सगळं नाव लिहायची सक्ती नव्हती. मोतेक्सोमा या नावात तेक हा तुकडा तेक्त्ली म्हणजे सरदार, मालक यातला आहे, आणि तो टोकदार मुकुट सरदाराची खूण. एवढा तुकडा दाखवला की वाचणारा उरलेलं भरून घ्यायचा, कारण राजाचं नाव सगळ्यांना पाठ. आपण 'महाराज' म्हटल्यावर कुठले महाराज हे महाराष्ट्रात विचारावं लागतं का? फक्त मोतेक्सोमा दोन झालेत, एक १४४० ते १४६९ आणि दुसरा १५०२ ते १५२०, स्पॅनिश आले तेव्हाचा. पहिल्याचं आणखी एक नाव होतं, इल्विकामिना, आभाळात बाण मारणारा, त्याला आभाळाच्या पट्ट्यात घुसलेला बाण काढतात. म्हणून पार्टीला विचारून घ्या कुठला पाहिजे.

आता हे वाचता येतं ते कशाच्या जोरावर? स्पॅनिश राज्य आल्यावरही तिथले लिहिणारे कितीतरी वर्षं चित्रात लिहीत होते आणि शेजारी रोमन अक्षरात नाव टाकत होते. वेशोत्सिंकोची १५६० ची एक मोठी यादी आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, घरटी माणसं मोजलेली, प्रत्येकाचं डोकं, डोक्याशी नावाचं चित्र आणि जवळ अक्षरात नाव. हजारो नावं. म्हणजे कोडं आणि उत्तर एकाच पानावर. मेंडोझा पोथी १५४० च्या आसपासची, ती ऑक्सफर्डला बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यात राजांची नावं आणि खंडणी देणारी गावं आहेत.

तुमचं माठ-पाण्याचं चित्र मात्र फार मानाचं आहे, तुम्हाला कल्पना नसेल. ते बहुतेक व्हेरगारा पोथीच्या धर्तीवरचं आहे, तीही पॅरिसला. १८४९ साली ओबँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं नेमकं हेच नाव पुढं ठेवून दाखवलं की बघा, साप न काढताही इत्स्कोआत्ल लिहिलंय, म्हणजे हे लोक आवाज लिहीत होते. आणि गंमत म्हणजे तिथला इत्स्कोआत्ल राजा नाही! राजा इत्स्कोआत्ल १४२७ ते १४४० तेनोच्तित्लानला, म्हणजे अॅझ्टेकांच्या राजधानीत होता. व्हेरगारा पोथी ही तेपेत्लाओस्तोक भागातल्या साध्या शेतकरी कुटुंबांची आणि त्यांच्या जमिनीची नोंद आहे. आपल्याकडे गावोगाव शिवाजी, संभाजी नावाचे लोक सात-बाऱ्यावर सापडतात तसा हा कुणी शेतकरी.

अजून एक सांगतो आणि थांबतो. परकी नावं आली तेव्हा या पद्धतीचा कस लागला. स्पेनच्या राजाचा तिथला व्हाइसरॉय मेंडोझा, याचं नाव कसं काढणार? नावात्लमध्ये द हा आवाजच नाही. तर टेलेरियानो-रेमेन्सिस नावाच्या पोथीत त्याच्यासाठी घायपात आणि बिळात राहणारा घुशीसारखा एक प्राणी काढलाय. घायपात म्हणजे मेत्ल, तो प्राणी म्हणजे तोसान, मे-तोसा, मेंडोझा. एवढ्या मोठ्या साहेबाचं नाव घायपात आणि घूस. त्याच पोथीत पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सरदाराला मात्र नुसता सूर्य, कारण लोक त्याला तोनातिउ म्हणजे सूर्य म्हणायचे. एकाचा आवाज घेतला, दुसऱ्याचं टोपणनाव.

अभ्यासकांत यावरून अजून जुंपलेली असते. लाकादेना यांनी २००८ मध्ये मांडलं की यात आवाजांची चिन्हं नियमानं वापरलीत, व्हिटेकर यांचं २०२१ चं पुस्तक बऱ्याच वाचनांबद्दल वेगळं म्हणतं. माझं मत विचाराल तर दोघांच्याही आधी भाषा शिकावी, शब्द येत नसेल तर चिन्हाचा आवाज कुठून येणार. ओरेगॉन विद्यापीठाचा ऑनलाइन चित्रकोश फुकट आहे, नाव टाकलं की चित्रं येतात, जेकार्डवाले, ग्राफ करायच्या आधी तिथं एकदा ताडून घ्या.

चाळीस_वर्षं_खडू

वा. मला निम्मं नव्यानं कळलं. बोलणारं झाड उद्या नातवाला काढून दाखवतो.

मला यात सगळ्यात जवळची वाटली ती साध्या माणसांची नावं. त्यांच्या जनगणनेत बायकांची नावं बघा, तियाकापान, तेइकु, त्लाको, शोको. म्हणजे काय, तर पहिली, पाठची, मधली, शेंडेफळ. बस. घराघरात तीच. माझ्या आज्जीचं सासरचं नाव धोंडाबाई पण उभ्या गल्लीत तिला थोरलीच म्हणायचे, वारल्यावर दाखला काढायला गेलो तेव्हा खरं नाव आठवेना. शिवाय जन्मदिवसावरून नाव असायचं, २० चिन्हं आणि १ ते १३ आकडे, दोन्ही एकात एक फिरून २६० दिवसांचं चक्र. आकडा म्हणजे ठिपके. तेव्हा जेकार्डवाले, पुढं कधी चित्राशेजारी ठिपके दिसले तर नक्षी समजून उडवू नका, तो आकडा असतो!

जेकार्डवाला_सोलापूर

ठिपके तर मी सगळ्यात आधी उडवतो ओ 😅

रंगाचं सांगा कुणीतरी. पार्टीला दोन रंगातच पाहिजे, क्रीम आणि मरून.

बाडांचा_वेडा

रंगानं कधी कधी नाव बदलतं. इस्ताक म्हणजे पांढरं, त्लील म्हणजे काळं, कोस म्हणजे पिवळं, असले तुकडे नावात असतील तर रंग हाच अक्षर. पण तुमच्या यादीतल्या पाचात तसं काही नाही, दोन रंगात भागेल. फक्त पाण्याला पाणीपण ठेवा, निळं नाही केलं तरी धारेच्या टोकाला आळीपाळीनं थेंब आणि शंख असतात, ते असले की ओळखू येतं. थेंब मोठे करा, कमी करा, पण ठेवा. सापाच्या पाठीवरची पाती पण तशीच, ती गेली तर उरला नुसता कोआत्ल. कोयोटच्या गळ्यातली पट्टी गेली तर उपास मोडला.

भवानीपेठ_माई

मी इथं नेहमी फक्त वाचते पण आज राहवत नाही. बाकी सगळं छान पण पायपुसण्यावर नाव विणणार? कागदाला चुकून पाय लागला तरी पाया पडायची सवय आपली. नुसती नक्षी समजत होतात तोवर ठीक होतं, आता अक्षर आहे कळल्यावर कसं करवेल हो. त्यातून ही भाषा काही मेलेली नाही ना?

बाडांचा_वेडा

नाही माई, जिवंत आहे, मेक्सिकोत साधारण १६ लाख लोक आजही नावात्लची वेगवेगळी रूपं बोलतात. आणि तुम्ही आज जेवताना दोन-तीन शब्द बोलला असाल त्यांचे. टोमॅटो मूळ तोमात्ल. आपल्या शेंगाचटणीतल्या शेंगदाण्याला ते त्लालकाकावात्ल म्हणायचे, त्लाल म्हणजे भुई, काकावात्ल म्हणजे कोकोचं बी. भुईतला कोको. आपण काय म्हणतो? भुईमूग. त्यांनी आपल्याला विचारलं नाही, आपण त्यांना विचारलं नाही, दोघांनी जमिनीत हात घालून तेच नाव काढलं.

पच्छापेठची_पद्मा

आमच्यात तर वेरुशनगा, वेरु म्हणजे मूळ. शनगा म्हणजे हरभरा. मुळाचा हरभरा. आता आजीला हे सांगितलं तर ती परत विचारणार, असलं कुठलं गाव गं.

जेकार्डवाला_सोलापूर

अपडेट देतो. एजंटला फोन करून पायपुसण्याचं सांगितलं, माईंचं नाव न घेता. तो आधी हसला, मग हॉटेलवाल्यांना विचारतो म्हणाला, आणि संध्याकाळी मेसेज आला की पायपुसणी प्लेन द्या, फक्त बॉर्डर. त्यांच्याकडच्या हाउसकीपिंगच्या एका बाईंनी पण तेच म्हटलं होतं म्हणे, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मोतेक्सोमा कुठला ते पण विचारलं, पहिला पाहिजे, म्हणजे आता मुकुट काढून आभाळ आणि बाण टाकायचाय. आभाळाचा ग्राफ डोकं खाणार आहे.

दुसऱ्या चित्राचा ग्राफ परत केला. माठ लहान केला, पाणी आणलं, चार थेंब आणि तीन शंख बसले, शंख जरा चिंचोक्यासारखे दिसायलेत पण पाइल कापल्यावर बरे दिसतील असं कारखान्यातला मास्टर म्हणतो. सॅम्पल उतरलं की फोटो टाकतो. मास्तर, तुम्हाला एक नॅपकिन ठेवलाय, पत्ता मेसेज करा. त्यावर नाग आणि पूर विणू का १६ आणि पूर?

चाळीस_वर्षं_खडू

१६ आणि पूर. आणि पुराला थेंब विसरू नका.